गळ्याला मार लागला तर: स्वरयंत्र व श्वासनलिकेच्या दुखापती आणि त्यांवरील शस्त्रक्रिया

पोलादपूर तालुक्यातील कुडपणला जाणारा रस्ता डोंगरातून वळणे घेत वर चढतो. जानेवारी २०२१ मध्ये याच कुडपणजवळ लग्नाच्या वऱ्हाडाची गाडी दरीत कोसळली होती. त्याआधी २८ जुलै २०१८ रोजी जवळच्या आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली आणि त्यातून एकच जण वाचला. घाटातल्या अशा अपघातांत डोके, छाती, हात-पाय यांच्या जखमा लगेच डोळ्यांना दिसतात. गळ्याला लागलेला मार मात्र बरेचदा नजरेतून सुटतो. बाहेर साधे खरचटलेले असते, आत मात्र श्वासाचा मार्ग सुजत जातो.

गळ्याची दुखापत इतर जखमांच्या तुलनेत कमी लोकांना होते, पण ती वेळेत ओळखली नाही तर काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. वेळेत ओळखली तर बहुतेक रुग्ण वाचतात आणि अनेकांचा आवाजही परत येतो. मोठे रुग्णालय लांब असलेल्या गावातील कुटुंबांनी म्हणून ही माहिती आधीच वाचून ठेवावी.

श्वासाचा वरचा मार्ग म्हणजे काय?

नाक व तोंडातून घेतलेली हवा घशातून स्वरयंत्रात येते. गळ्यावर पुढे हाताला लागणारा कंठमणी हा स्वरयंत्राचाच भाग आहे. स्वरयंत्र कूर्चेचे, म्हणजे लवचिक हाडासारख्या पदार्थाचे बनलेले असते आणि त्याच्या आत दोन स्वरतंतू असतात. स्वरतंतू आवाज काढतात, श्वास घेताना उघडतात आणि गिळताना मिटतात, म्हणून अन्न-पाणी फुप्फुसात जात नाही.

स्वरयंत्राच्या खाली श्वासनलिका सुरू होते. प्रौढ माणसात ती साधारण १० ते १२ सेंटिमीटर लांब असते. तिच्या कूर्चेच्या कड्या मागच्या बाजूने उघड्या असतात. या सगळ्या मार्गात चहूबाजूंनी पूर्ण बंद अशी एकच कडी आहे, ती स्वरयंत्राच्या तळाशी. आत सूज आली की या कडीला बाहेरच्या बाजूला फुगायला जागा नसते, त्यामुळे हवेची वाट आतून अरुंद होते. लहान मुलांची वाट मुळातच अरुंद असते, म्हणून थोडी सूजसुद्धा त्यांना धोक्याची ठरते.

दुखापत कशी होते?

- बोथट मार: दुचाकीवरून पडताना गळा हँडलवर आदळणे, गाडीत सीटबेल्ट नसताना गळा स्टिअरिंगवर किंवा पुढच्या सीटच्या दांड्यावर आपटणे, बैल किंवा म्हशीचे शिंग लागणे, झाडावरून पडताना फांदीवर गळा आदळणे.
- तार किंवा दोरी: वाटेवर आडवी बांधलेली तार अंधारात दुचाकीस्वाराच्या गळ्याला लागते. सगळा जोर एका रेषेवर येतो, त्यामुळे स्वरयंत्र आणि श्वासनलिका एकमेकांपासून तुटूही शकतात. जानेवारीत पतंगाच्या नायलॉन मांजाने होणाऱ्या जखमाही याच प्रकारच्या.
- धारदार जखम: कोयता, सुरी, काच, पत्रा.
- गळा आवळला जाणे: मारहाणीत, अपघाताने किंवा स्वतःला इजा करण्याच्या प्रयत्नात. असा रुग्ण शुद्धीवर असला आणि बरा दिसत असला तरी त्याला रुग्णालयात नेलेच पाहिजे. मनात आत्महत्येचे विचार येत असतील तर १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर मोफत बोलता येते.
- आग, वाफ आणि रसायने: महाड औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने आहेत. धूर किंवा तीव्र वायू श्वासात गेल्यावर सूज काही तासांनी वाढते. ॲसिड किंवा इतर दाहक द्रव पोटात गेला असेल तर रुग्णाला उलटी करायला लावू नका.
- उपचारादरम्यान: अनेक दिवस व्हेंटिलेटरची नळी घशात राहिल्याने श्वासनलिका आतून अरुंद होऊ शकते. याविषयी पुढे सांगितले आहे.

कोणती लक्षणे दिसली तर थांबू नये?

गळ्याला मार लागल्यावर पुढीलपैकी एक जरी लक्षण असेल तरी ती तातडीची अवस्था समजावी:

- आवाज बसणे, बदलणे किंवा अजिबात न फुटणे
- श्वास घेताना शिट्टीसारखा किंवा घरघर आवाज येणे
- आडवे झाल्यावर दम लागणे, बसून पुढे वाकल्यावर बरे वाटणे
- खोकल्यातून किंवा थुंकीतून रक्त येणे
- गिळताना खूप दुखणे, लाळ गिळता न येणे
- गळ्याची किंवा छातीची त्वचा फुगणे आणि बोटाने दाबल्यावर आत कुरकुर जाणवणे. हवा फुटून त्वचेखाली शिरल्याची ही खूण आहे.
- कंठमण्याचा उंचवटा सपाट झालेला दिसणे
- गळ्यावरच्या जखमेतून हवेचे बुडबुडे येणे
- चेहरा भाजणे, नाकातले केस जळणे, थुंकीत काजळी दिसणे

बाहेरची जखम किती मोठी आहे यावरून आतल्या दुखापतीचा अंदाज बांधू नका. रुग्ण पहिला तासभर नीट बोलतो आणि नंतर सूज वाढून गुदमरतो, असे घडू शकते. घरघर करणारा रुग्ण अचानक शांत झाला, सुस्तावला, तर तो बरा झाला असे समजू नका. तो थकलेला असू शकतो आणि त्याचा श्वास बंद पडण्याच्या बेतात असू शकतो.

रुग्णवाहिका येईपर्यंत काय करावे?

१. १०८ ला फोन करा. रेंज नसेल तर एकाला रेंज मिळेल तिथे पाठवा आणि बाकीच्यांनी रुग्णाजवळ थांबा. “गळ्याला मार आहे, श्वासाला आवाज येतोय” हे शब्द नक्की सांगा.

२. रुग्ण शुद्धीवर असेल तर त्याला ज्या स्थितीत श्वास घ्यायला सोपे जाते त्याच स्थितीत राहू द्या. बसून पुढे झुकलेल्या रुग्णाला जबरदस्तीने आडवे करू नका.

३. मान वळवू नका, मागे वाकवू नका. गळ्याच्या दुखापतीबरोबर मानेच्या मणक्यालाही इजा झालेली असू शकते. डोके आणि धड एका रेषेत धरा.

४. रक्त वाहत असेल तर नेमक्या त्या जागी स्वच्छ कापड ठेवून बोटांनी दाबा. दोन्ही बाजू एकदम दाबू नका आणि गळ्याभोवती फडके आवळून बांधू नका.

५. जखमेतून हवा ये-जा करत असेल तर ती हवाबंद झाकू नका. रुग्ण त्याच वाटेने श्वास घेत असू शकतो.

६. गळ्यात काही रुतलेले असेल तर ओढून काढू नका.

७. पाणी, चहा, गोळी, काहीही तोंडाने देऊ नका.

८. रुग्ण बेशुद्ध असेल तर मान न वाकवता खालचा जबडा दोन्ही बाजूंनी पुढे उचला. श्वास थांबला असेल तर छाती दाबण्याची क्रिया सुरू करा.

सिनेमात पेनाने गळ्याला भोक पाडून जीव वाचवताना दाखवतात. तसा प्रयत्न घरी किंवा रस्त्यावर करू नका. त्या जागेच्या आजूबाजूला मोठ्या रक्तवाहिन्या आणि थायरॉइड ग्रंथी असते.

आधी जवळचे रुग्णालय की थेट मुंबई?

अपघातानंतर कुटुंबांत यावरून वाद होतात. कुडपणहून आधी घाट उतरून पोलादपूर, मग महाड आणि महाडहून मुंबई पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. रुग्णाला “चांगल्या” रुग्णालयात थेट न्यावे असे नातेवाइकांना वाटते, आणि ते समजण्यासारखे आहे.

पण श्वासाला आवाज येत असेल, आवाज बसला असेल किंवा त्वचेखाली हवा शिरली असेल, तर जवळचे रुग्णालय ओलांडून पुढे जाऊ नका. अशा रुग्णाला सर्वात आधी ऑक्सिजन, तपासणी आणि गरज पडल्यास श्वासमार्ग सुरक्षित करणारी नळी लागते. ही नळी पोलादपूर किंवा महाडला बसवता आली, तर पुढचा चार-पाच तासांचा प्रवास धोका बराच कमी करून होतो. ती न बसवता निघालेला रुग्ण महामार्गावर, धावत्या गाडीत गुदमरला, तर गाडीतल्या कोणालाच फारसे काही करता येत नाही. आधी श्वास सुरक्षित करा, मग पुढे न्या.

पुढे पाठवताना डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: श्वासमार्ग प्रवासासाठी सुरक्षित आहे का? सोबत डॉक्टर किंवा प्रशिक्षित कर्मचारी असलेली रुग्णवाहिका मिळेल का? जिथे नेतो आहोत तिथे कान-नाक-घसा तज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि अतिदक्षता विभाग आहे याची फोनवरून खात्री झाली का?

पोलीस केस आहे म्हणून तातडीचा उपचार अडवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच स्पष्ट केले आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ नुसार जखमीला मदत करणाऱ्या माणसाला कायद्याचे संरक्षण आहे, त्यामुळे वाटेत थांबून मदत करायला घाबरू नका. केंद्र सरकारच्या मे २०२५ पासूनच्या योजनेनुसार रस्ते अपघातातील जखमींना नियुक्त रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोख पैसे न भरता उपचार मिळू शकतात. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत तुमची शस्त्रक्रिया बसते का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारा.

रुग्णालयात काय केले जाते?

सगळ्यात आधी श्वास. रुग्ण स्वतः नीट श्वास घेत असेल तर नाकातून बारीक लवचिक दुर्बीण घालून स्वरयंत्र पाहिले जाते. स्वरतंतू हलतात का, सूज किती आहे, आतले अस्तर फाटले आहे का, कूर्चा उघडी पडली आहे का, हे त्यात कळते. त्यानंतर सीटी स्कॅनमध्ये कूर्चेचे फ्रॅक्चर दिसते. मानेचा मणका, अन्ननलिका आणि मोठ्या रक्तवाहिन्या यांचीही तपासणी होते. अन्ननलिकेचे छिद्र नजरेतून सुटले तर छातीत गंभीर जंतुसंसर्ग होतो, म्हणून डॉक्टर त्याचा आग्रहाने शोध घेतात.

श्वास अडत असेल तर स्कॅनची वाट पाहिली जात नाही. नळी तीन मार्गांनी बसवता येते:

- तोंडातून नळी: दुखापत सौम्य असेल आणि अनुभवी डॉक्टर डोळ्यांनी पाहत नळी घालू शकत असतील तेव्हा. फाटलेल्या श्वासनलिकेत आंधळेपणाने घातलेली नळी भलत्याच वाटेने जाऊन उरलेला जोडही तोडू शकते.
- ट्रॅकिओस्टोमी: गळ्याच्या खालच्या भागात छेद घेऊन श्वासनलिकेत थेट नळी बसवणे. स्वरयंत्राच्या गंभीर दुखापतीत ही पद्धत बहुधा अधिक सुरक्षित असते. ती केवळ जागा बधिर करून, रुग्ण जागा असतानाही करतात.
- कंठमण्याखालील तातडीचा छेद: दुसरा मार्गच उरला नाही आणि हाताशी मिनिटेच आहेत तेव्हा. लहान मुलांत ही पद्धत सहसा टाळतात.

दुखापतीचे गट आणि उपचार

डॉक्टर ही दुखापत साधारण पाच गटांत मांडतात. तुमच्या रुग्णाचा गट कोणता, हे जरूर विचारा. पुढचे उपचार त्यावर ठरतात.

गट १: आत थोडी सूज किंवा रक्त साकळलेले, फ्रॅक्चर नाही. गट २: जास्त सूज, अस्तराला छोटी चीर किंवा जागेवरून न सरकलेले फ्रॅक्चर. या दोन गटांत बहुतेकदा शस्त्रक्रिया लागत नाही. रुग्णाला किमान २४ ते ४८ तास देखरेखीखाली ठेवतात. डोके उंच, दमट ऑक्सिजन, आवाजाला विश्रांती, पित्त वर येऊ नये म्हणून औषध आणि गरजेनुसार स्टिरॉइड व प्रतिजैविके देतात. दुर्बिणीने पुन्हा पुन्हा पाहिले जाते. “काहीच करत नाहीत, मग घरी नेतो” असे या दोन दिवसांत करू नका, कारण सूज वाढण्याचा काळ हाच असतो.

गट ३: मोठी सूज, अस्तर फाटून कूर्चा उघडी, फ्रॅक्चर सरकलेले किंवा स्वरतंतू न हलणारा. गट ४: याहून जास्त तुकडे होऊन स्वरयंत्राचा सांगाडाच ढिला झालेला. इथे ट्रॅकिओस्टोमी करून, शक्यतो पहिल्या दिवसा-दोन दिवसांत स्वरयंत्र उघडून दुरुस्ती करतात. फाटलेले अस्तर बारीक टाके घालून जोडतात, कूर्चेचे तुकडे जागेवर आणून छोट्या पट्ट्या व स्क्रूंनी किंवा टाक्यांनी बसवतात. गट ४ मध्ये आतली वाट चिकटू नये म्हणून बरेचदा आधाराची नळी ठेवतात आणि सुमारे दोन आठवड्यांनी काढतात. दुरुस्तीला उशीर झाला तर आत व्रणाची ऊती तयार होते आणि आवाज व श्वास दोन्ही बिघडण्याची शक्यता वाढते.

गट ५: स्वरयंत्र आणि श्वासनलिका एकमेकांपासून तुटलेली. यातले अनेक रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचत नाहीत. जे पोहोचतात त्यांच्यात खाली सरकलेली श्वासनलिका शोधून तीत नळी बसवतात आणि मग दोन्ही टोके जोडतात. स्वरतंतूंच्या नसाही तुटलेल्या असू शकतात.

“गळ्याला भोक पाडले तर आवाज कायमचा जाईल का?”

संमतीच्या कागदावर सही करताना नातेवाइकांचा हात बहुधा याच प्रश्नाने थांबतो. ट्रॅकिओस्टोमीमुळे स्वरतंतू कापले जात नाहीत. हवा खालच्या नळीतून बाहेर पडते, वर स्वरतंतूंपर्यंत पोहोचत नाही, म्हणून नळी असेपर्यंत आवाज फुटत नाही. सूज उतरल्यावर बोलण्याची झडप लावून काही रुग्ण नळी असतानाही बोलू शकतात. नळी काढल्यावर भोक सहसा काही दिवसांत ते आठवड्यांत बुजते.

शेवटी आवाज किती परत येईल, हे मूळ दुखापत किती खोल आहे आणि दुरुस्ती किती लवकर झाली यावर ठरते. काहींचा आवाज पूर्ववत होतो, काहींचा घोगरा राहतो. स्वरोपचार तज्ज्ञाकडून व्यायाम शिकल्याने फायदा होतो. या भीतीने ट्रॅकिओस्टोमीला नकार दिला तर धोका आवाजाला नव्हे, जीवाला असतो.

व्हेंटिलेटरनंतर आठवड्यांनी लागणारा दम

अपघात, मण्यारसारख्या सापाचा दंश, कोविड किंवा न्यूमोनिया यांमुळे व्हेंटिलेटरवर राहिलेला रुग्ण बरा होऊन घरी येतो. काही आठवड्यांनी चढावर दम लागू लागतो, श्वासाला शिट्टीसारखा आवाज येतो. बरेचदा हा दमा समजून पंप दिला जातो आणि फरक पडत नाही. नळीच्या दाबाने श्वासनलिकेच्या आत जखम होऊन वाट आक्रसल्याचे हे लक्षण असू शकते. “हा रुग्ण व्हेंटिलेटरवर होता” हे डॉक्टरांना आपण होऊन सांगा आणि दुर्बीण तपासणी व सीटी स्कॅनबद्दल विचारा.

आक्रसलेला भाग छोटा आणि पातळ असेल तर दुर्बिणीतून फुग्याने किंवा लेसरने तो रुंद करतात. हे पुन्हा पुन्हा करावे लागू शकते. भाग लांब किंवा जाड असेल तर तेवढा तुकडा कापून दोन टोके जोडतात. या शस्त्रक्रियेनंतर जोडावर ताण येऊ नये म्हणून साधारण आठवडाभर हनुवटी छातीकडे झुकलेली ठेवावी लागते. ज्यांना ही शस्त्रक्रिया झेपणार नाही त्यांच्यासाठी इंग्रजी टी आकाराची सिलिकॉनची नळी हा पर्याय असतो.

नळीसह घरी जाताना

- घरातल्या किमान दोघांनी नळीची सफाई आणि सक्शन रुग्णालयातच हाताने करून शिकावे. ते जमल्याशिवाय सुट्टी घेऊ नका.
- वीज गेली तर चालेल असे पायाने किंवा हाताने चालवायचे सक्शन घरी ठेवा. पावसाळ्यात डोंगरातल्या गावांना हे फार लागते.
- त्याच मापाची एक आणि एक माप लहान अशी दोन जादा नळ्या रुग्णाच्या उशाशी ठेवा.
- आतली नळी दिवसातून दोन-तीनदा किंवा डॉक्टर सांगतील तशी धुवा. पट्टीखाली एक बोट जाईल इतकीच ती सैल असावी.
- नळीतली हवा कोरडी राहिली तर कफ घट्ट होऊन नळी बुजते. तोंडावर ओलसर, धागे न सुटणारे कापड किंवा मिळणारा फिल्टर वापरा.
- चुलीचा धूर, भाताचा कोंडा, रस्त्याची धूळ यांपासून दूर राहा.
- नदी, विहीर, धबधब्यात उतरणे पूर्ण बंद. आंघोळीला पाणी छातीच्या खालीच घ्या.
- नळी बुजली तर आधी आतली नळी काढून सक्शन करा. संपूर्ण नळी निसटली, रक्त आले किंवा दम लागला तर १०८ बोलवा आणि शिकवल्याप्रमाणे जादा नळी बसवा.

नळी स्वतःच्या मनाने कधीही काढू नका. वरची वाट मोकळी आहे, गिळणे सुरक्षित आहे आणि खोकून कफ बाहेर येतो आहे, याची खात्री झाल्यावरच डॉक्टर ती टप्प्याटप्प्याने बंद करून काढतात.

टाळता येण्यासारखे

सीटबेल्ट मागच्या सीटवरही लावा. दुचाकीवर हेल्मेटचा पट्टा बांधा आणि गळ्यात सैल ओढणी किंवा उपरणे ठेवू नका. शेताच्या कुंपणाची तार वाटेवर आडवी आणू नका, आणावीच लागली तर तिला लांबून दिसेल असे फडके बांधा. मालवाहू गाडीतून वऱ्हाड नेऊ नका.

गळ्याला मार लागलेल्या माणसाचा आवाज बदलला असेल तर “पाणी दे, बरे वाटेल” असे म्हणत थांबू नका. त्याला बसते करा, मान सरळ ठेवा आणि जवळच्या रुग्णालयाकडे निघा.

ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. तुमच्या रुग्णाचा निर्णय त्याला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.